स्वयंपाकघराखालचा कोळसा

चांदा शहराच्या तटबंदीबाहेरची कोळशाची जुनी खाण बंद पडली, तेव्हा मी नागपूरच्या एका दैनिकाला तिथल्या बातम्या पाठवत असे. मालकाने खाणीच्या जागेवर मुरूम पसरला आणि घरांसाठी प्लॉट विकायला काढले. मी पाहणीला गेलो. मालकाच्या मुकादमाने टाच आपटून दाखवली आणि जमीन दगडासारखी असल्याचे सांगितले. ते वाक्य मी त्याच्याच तोंडी घालून पाठवले. दुसऱ्याच्या वाक्याची जबाबदारी मी कधी घेत नसे. पण रेल्वेने अंक आला, वाक्य छापलेले दिसले, आणि मला ते पटले. मी तिथे प्लॉट घेतला.

बायकोला घर हवे होते ते स्वयंपाकघरासाठी. आमच्या भाड्याच्या खोलीची चूल बाहेर ओट्यावर होती आणि ओटा सगळ्या बिऱ्हाडांचा होता. भाकर करपली तर दिवसभर त्यावर चर्चा चाले.

"घर कसंबी असू द्या," ती म्हणाली, "पन चुलीच्या चारी बाजूले भिंत माही पाह्यजे."

चार भिंती उभ्या राहिल्या. शेजारच्या प्लॉटवर एक कल्हईवाला राहायला आला. त्याने भट्टीसाठी अंगणात खड्डा खणला आणि मला हाक मारली.

"भाऊ, इकडे या ना जरा. हे काय चमकून राह्यलं?"

कोळसा होता. कोळशाच्या खाणीवर घरे बांधून खाली कोळसा सापडल्याचे आम्हा दोघांनाही आश्चर्य वाटले.

"पण याचा मालक कोण?" मी विचारले.

"जमीन आपली हाय का नाई? मंग वरची आपली, आन् खालची काय पाहुन्याची?"

प्लॉटबरोबर जमिनीखालचा कोळसा मिळत नाही, हे मला ठाऊक होते. त्यावर मी स्वतःच बातमी लिहिली होती. म्हणून ही नवी बातमी मी पाठवली नाही. कुदळ विकत घेतली.

थोड्याच दिवसांत सगळी गल्ली आपापल्या परसात खणू लागली. बंद पडलेली खाण आम्ही रहिवाशांनी पुन्हा सुरू केली, असे म्हणायला हरकत नाही. बायको सुरुवातीला खूश होती. शेगडीला फुकटचा कोळसा मिळत होता आणि नवरा सुटीच्या दिवशी चौकात चहा पीत बसत नव्हता. कोळशाचा थर परसातून घराकडे उतरत गेला होता. बातमीचा माग काढावा तसा मीही त्याच्यामागे घराखाली शिरलो. हाताने केलेले ते माझे पहिलेच काम होते आणि त्याचा मला अभिमान होता.

एके सकाळी बायकोने तांदूळ धुवायला परातीत पाणी घेतले.

"अहो, हे पानी काऊन एकाच बाजूले जाऊन राह्यलं?"

परात चेपली असेल, असे मी सांगितले. ती परात घेऊन थेट कल्हईवाल्याकडे गेली. मीही मागून गेलो. त्याने ती डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली, फिरवली, बुडावर टिचकी मारली.

"परात बराबर हाय बाई," तो म्हणाला. "घर चेपलं. माही भट्टीबी कालपासून एका बाजूले झोपून राह्यली."

बायको घरी आली. चुलीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. तिने कुदळ उचलून बाहेर टाकली.

"मी परत त्या ओट्यावर जानार नाई," ती म्हणाली. "भरा."

गल्लीतले सगळे पुरुष टोपल्या घेऊन निघाले. आम्ही खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यावरून मुरूम वाहिला आणि धुमसाने ठोकून बसवला. मी सगळ्या हिवाळ्यात जाळलेल्या कोळशाची राखही आत टाकली. त्या राखेने खड्ड्याचा एक कोपराही भरला नाही. रोज संध्याकाळी बायको चुलीपुढे परातीत पाणी घालून पाही. हळूहळू गल्लीतल्या बाकीच्या बायकाही तेच करू लागल्या. परातीत काय दिसते, त्यावर दुसऱ्या दिवशी कोणी किती टोपल्या टाकायच्या हे ठरे.

त्याच सुमारास नागपूरहून नव्या वसाहतीच्या प्रगतीवर मजकूर मागवला गेला. तेव्हा सगळीकडे श्रमदानाचे दिवस होते. रहिवाशांनी श्रमदानाने जमीन भक्कम केली, असे मी लिहिले. शब्द खोटा नव्हता. खड्डा कोणी केला, ते मला कोणी विचारले नव्हते.

अंक आला तेव्हा मी तो बायकोला वाचून दाखवला. ती परातीकडे पाहत होती. पाणी अजून थोडे एका बाजूला होते, पण बरेच दिवस तेवढेच होते. तडाही वाढला नव्हता.

"एवढं चालते," ती म्हणाली. तिने पाणी ओतून दिले आणि त्याच परातीत पीठ घेतले. मग तिने माझ्या हातातला अंक घेतला, त्याची घट्ट घडी केली आणि माठाची तिवई ज्या बाजूला कलली होती त्या बाजूच्या पायाखाली सरकवली.