कागदावर आप्पा घरी होते

माझे वडील कापडाच्या लूमवर होते आणि युनियनची पत्रकं आमच्या घरी गठ्ठ्यानं यायची. वाचायला मी त्यांवरच शिकले, त्यामुळे छापलेल्या वाक्यावर माझा जरा जास्तच विश्वास बसतो. विमानात सामान चढवणाऱ्या टोळीवर मी सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हा प्रशिक्षणाच्या खोलीत असंच एक वाक्य भिंतीवर होतं: 'चूक सांगा, शिक्षा होणार नाही.' शिकवणाऱ्या साहेबांनी दोन दिवस तेच समजावलं. थकलेला मेंदू समोरचा कागद चुकीचा वाचतो, आणि आपण बरोबरच वाचलं अशी त्याची खात्री असते. चूक लपवली तर ती विमानाबरोबर उडते.

मी ते टोळीला रोज पाळीच्या सुरुवातीला ऐकवायचे. "मॅडमचं भजन झालं, चला," म्हणत पोरं हसायची. आप्पा मात्र हसत नसत.

आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे, राहायला कतारगामला, टोळीतले सगळ्यांत जुने. निम्मी टोळी त्यांच्याच गावची. त्यांची एक रीत होती. गावाकडे लग्न निघालं की जाणाऱ्याची पाळी मागे राहिलेला ओढायचा आणि हजेरीच्या वहीत सही जाणाऱ्याच्या नावानं करायचा. कंत्राटदाराच्या मॅनेजरला हे ठाऊक होतं. त्याला बदली माणूस शोधावा लागत नव्हता, म्हणून तो वहीत डोकावत नव्हता. मीही डोकावत नव्हते. हे लिहिताना लाज वाटते.

वैशाखात आप्पांचा चुलतभाऊ पुतणीच्या लग्नाला गेला. आप्पांची सलग तिसऱ्या दिवशी दुहेरी पाळी चालू होती. संध्याकाळी पाचच्या विमानाला निम्मं सामान पुढच्या कप्प्यात आणि निम्मं मागच्या कप्प्यात भरायचं होतं. आप्पांनी कागद वाचला, मान हलवली आणि सगळं मागे भरलं. मी लांबूनच विचारलं, कागदाप्रमाणे ना? ते हो म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

दारं बंद झाली. रिकाम्या ट्रॉलीपाशी आप्पांनी कागद पुन्हा वाचला आणि ते सरळ माझ्याकडे आले.

"पोरी, मना हातून चूक व्हयनी."

वैमानिकाला दिलेल्या कागदावर भार दोन्हीकडे होता, प्रत्यक्षात सगळा शेपटीकडे. असं विमान उडताना नाक अचानक वर उचलू शकतं. मी विमान थांबवलं. सामान बदललं, विमान उशिरा पण सुखरूप गेलं. काळजी करू नका, असं मी आप्पांना छातीठोकपणे सांगितलं.

चौकशीत मॅनेजरनं हजेरीची वही पुढे केली. त्या पाळीला आप्पा नव्हतेच, चुलतभाऊ होता. कागदावर आप्पा दुपारीच घरी गेले होते. घरी बसलेल्या माणसाला थकवा कसला? मी भिंतीवरच्या वाक्याची आठवण दिली.

"बेन, ते चुकीसाठी आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या नावानं विमानाजवळ काम करणं ही फसवणूक झाली."

मग त्यानं माझ्यापुढे जबाब सरकवला. या रीतीची मला माहिती नव्हती, एवढं लिहून सही करायची होती. मी लिहिलं की मला माहीत होतं, मॅनेजरलाही माहीत होतं, आणि आप्पा कामाच्या अकराव्या तासात होते. तो कागद वर गेलाच नाही. मला समज देऊन सोडलं. आप्पा आणि चुलतभाऊ, दोघांचे विमानतळात शिरायचे पास जमा झाले. शिक्षा होणार नाही हे वचन पगारी साहेबांसाठी होतं. कंत्राटी मजुराला ते लागू नाही, एवढी ओळ छापायला कोणी विसरलं नव्हतं. ती मुद्दाम छापली नव्हती.

आठवड्यानं मी कतारगामला गेले. आप्पांना कडोदऱ्याच्या लूमवर काम मिळालं होतं, बारा तासांची पाळी. काकूंनी पाणी दिलं आणि समोर बसून शांतपणे विचारलं, हे गप्प बसले असते तर विमान पडलं असतं का?

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "सांगता येत नाही, काकू. कदाचित वैमानिकानं सावरलं असतं."

"मग यांनी कशाला सांगितलं?"

आप्पा कामाला निघण्यासाठी चपला शोधत होते. बायकोकडे न बघता ते म्हणाले, "पडलंच असतं." आणि निघाले.