उजव्या कोपऱ्यापासून

सदाशिवचं सगळं शिक्षण निजामी राजवटीत, उर्दूतून झालं. घरात आरत्या मराठीत आणि शाळेत गणितसुद्धा उर्दूत. त्यात नवल काही नव्हतं. औरंगाबादेत त्याच्या वयाच्या सगळ्यांचं तसंच होतं. पण हा पठ्ठ्या चित्रं काढायचा. मुलांच्या एका उर्दू मासिकात दर महिन्याला त्याची एका पानाची चित्रगोष्ट यायची. पोलीस ॲक्शन झाली, मासिकाचे मालक हैदराबादला निघून गेले आणि छापखान्याला कुलूप लागलं. मग सदाशिवनं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लग्नघरांच्या भिंतींवर गणपती काढले, आणि गणपतीगणिक तो जास्तच चिडका होत गेला.

कन्नडच्या तहसील कचेरीत त्याचा थोरला भाऊ वैजनाथ होता. त्यानं खटपट करून सदाशिवसाठी कारकुनाची जागा धरून ठेवली. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि नेमकं त्याच सुमाराला आप्पासाहेबांचं काम आलं. मराठी शाळांसाठी पुस्तकं काढणारे हे गृहस्थ. त्यांना मुलांसाठी चित्रकथेचं पुस्तक हवं होतं. सदाशिवला वाटलं, देव पावला. हे जमलं तर जन्मभर चित्रकार, नाही जमलं तर जन्मभर कारकून. तहानभूक विसरून त्यानं पानं काढली. हरवलेला बैल शोधत निघालेला सांडू नावाचा गुराखी, त्याची आत्या भागूबाई, नदी, बाजार. बोलण्याचे फुगे तेवढे रिकामे ठेवले. मजकूर आप्पासाहेबांचा माणूस लिहिणार होता.

शुक्रवारी आप्पासाहेबांनी त्याला बोलावून पहिलं पान पुढं सरकवलं. वर पातळ कागद ठेवून फुग्यांत मजकूर लिहिला होता.

"वाचा, सदाशिवराव."

सदाशिवनं वाचलं. भागूबाई म्हणत होती, ‘व्हय, नदीकडं गेला.’ आणि त्यानंतर सांडू विचारत होता, ‘आत्या, माझा बैल बघितला का?’

"जवाब आधी, सवाल नंतर," आप्पासाहेब म्हणाले. "हरेक चौकटीत हेच. चौकटी मराठीसारख्या लावल्यात, पण आतली माणसं उजवीकडनं वाचायच्या उर्दूसारखीच उभी केलीत तुम्ही. आधी बोलणारा उजवीकडं! पोरं वाचणार डावीकडनं."

सदाशिवचं तोंड उतरलं. काढताना त्याला एकदाही हे जाणवलं नव्हतं.

"बदलून देतो," तो कसाबसा म्हणाला.

"सोमवारी सकाळी पानं छपाईचे ब्लॉक करायला पुण्याला जाणार. तोवर द्या. नाहीतर मी पुण्याचाच चित्रकार बघतो. माझाही इलाज नाही."

उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर येऊन सदाशिव कोऱ्या कागदापुढं बसला. सांडूला आता डावीकडं उभं करायचं आणि त्याचं तोंड उजवीकडं फिरवायचं, इतकंच काम. पण डावीकडं बघणारा जो सांडू सदाशिव डोळे मिटूनही काढायचा, तो उजवीकडं बघायला लागला की त्याचं नाक सुजायचं, हनुवटी कुठल्या कुठं जायची. हात आपला पुन्हा उजव्या कोपऱ्याकडं ओढ घ्यायचा. सदाशिवनं कागद फाडले, पेन्सिल भिंतीवर फेकली, आणि स्वतःच्या हाताला अशा शिव्या दिल्या की भानुमतीनं, त्याच्या बायकोनं, लगबगीनं दार लावून घेतलं.

शनिवारी त्याला युक्ती सुचली. पान उलटं करून खिडकीच्या काचेवर धरलं. उजेडात मागून सगळ्या रेषा दिसल्या, आणि सांडू आपसूक डावीकडं आला! सदाशिव हसला. कितीतरी दिवसांनी हसला. भराभर एकेक चौकट त्यानं तशीच उलटी, पण तिच्या मूळच्या जागी, गिरवून घेतली आणि शाई फिरवली.

चहा घेऊन आलेली भानुमती त्या पानांकडं बघून घुटमळली.

"अहो, हा डाव्या हातानं भाकरी खातोय."

सदाशिवनं पान ओढून घेतलं. सांडू डाव्या हातानं जेवत होता. भागूबाईचा पदर भलत्याच खांद्यावर होता आणि बाजारातली म्हातारी डाव्या हातानं प्रसाद वाटत होती. मुलांच्या पुस्तकात डाव्या हातानं प्रसाद! आप्पासाहेबांनी पानं तोंडावर फेकली असती. रविवारभर तो सफेदा लावून चित्रांतले हात पुसत राहिला, नवे जोडत राहिला. जोडलेले हात मोडक्यासारखे लोंबत होते. सफेद्याचे पोपडे निघाले, कागद खरवडून फाटले, आणि संध्याकाळी सदाशिव त्या चिंध्यांत बसून ढसाढसा रडला.

"संपलं सगळं," तो म्हणाला. "माझ्या हाताला मराठी येत नाही. उर्दूत मी चांगला होतो गं. तू बघायचीस ना ती मासिकं?"

"बघायची की. तुम्ही छापखान्यात गेलात की घेऊन बसायची."

"मग? कशा होत्या गोष्टी?"

 भानुमतीला मराठी अक्षरं लागत होती, उर्दूचं एकही नाही.

"खरं सांगू? वाईट वाटायचं," ती हळूच म्हणाली. "पोरगं आधी आईच्या कुशीत असायचं. मग रानात जायचं, आणि शेवटी एकटंच कुठंतरी उभं. सगळ्या गोष्टी तशाच. मला वाटायचं, तुमच्या मनात काहीतरी दुःख असेल. म्हणून कधी विचारलं नाही."

सदाशिवच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं घरातलं एकुलतं एक माणूस त्याच्या गोष्टी मन लावून बघत होतं, आणि त्यातली एकही त्याची नव्हती.

सोमवारी त्यानं आप्पासाहेबांना शेजाऱ्याच्या हाती निरोप पाठवला, जमलं नाही म्हणून. कन्नडची मोटार गाठायला पिशवी उचलली, तर भानुमती एक जुना अंक उघडून दारात उभी.

"मला सांगून जा. कुठनं बघायचं?"

 त्यानं तिचं बोट धरून पानाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं.

बोट हळूहळू सरकत गेलं. एकटं पोरगं, रान, पाऊलवाट, उंबरा, आई.

"अगंबाई, घरी आलं की हो हे," भानुमती म्हणाली, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

सदाशिवनं मान हलवली. मोटार कुणासाठी थांबत नव्हती. तो पायऱ्या उतरला आणि कारकून व्हायला निघाला.