खारीतल्या भाताचा निबंध

आश्विन सरता सरता अंजूरच्या खाडीकाठी पिकत्या भाताचा गोडसर आणि खारवट चिखलाचा उग्र, असे दोन गंध एकमेकांत मिसळून जातात; गोदामांच्या पत्र्यांवरून परतलेले पिवळे ऊन उरल्यासुरल्या शेतांवर सांडत असते. अशाच एका सकाळी मी हिराबाईंच्या बांधावर उभी होते. भिवंडीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता त्यांच्या खारजमिनीतल्या तांबड्या भातावर मी तीन वर्षे संशोधन केले होते. परदेशातल्या एका नामांकित नियतकालिकाने विषय फारच स्थानिक असल्याचे कळवून निबंध परत पाठवला, आणि त्या खिन्नतेत, तीन दिवसांत छापून देऊ म्हणणाऱ्या एका अनोळखी नियतकालिकाचे आमंत्रण मी स्वीकारून बसले. पदोन्नतीची फाईल महिनाअखेर द्यायची होती. हक्क सोपवण्याच्या कागदावर सही तेवढी उरली होती; ती झाली की निबंध दुसरीकडे कुठेही देता येणार नव्हता.

ऋणनिर्देशात त्यांचे नाव कसे लिहायचे, एवढेच विचारायला मी आले होते. हिराबाईंनी ते सांगितले, विळा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, आपला कागद खारीन भात लावनाऱ्यांना वाचाला मिलल ना?"

मी हो म्हणाले. पण परतताना रिक्षा राहनाळ गाव ओलांडून गेली तरी तो होकार मला खरा वाटेना. महाविद्यालयात पोचताच त्या नियतकालिकाचे जुने अंक उघडले. मोतीबिंदूवरच्या लेखाशेजारी पुलांचे काँक्रीट, त्याच्याखाली कुणाचे तरी भाषाशास्त्र. संपादकांचा पत्ता कुठेच नाही. मी निबंध मागे घेतला. मग प्रथमच माझीच संदर्भसूची नीट वाचली. मला खरोखर उपयोगी पडलेले चार लेख किनारी शेतीवरच्या एकाच सडपातळ त्रैमासिकातले होते, आणि तिथे पाठवावे असे मला कधी सुचलेही नव्हते. आता निबंध तिथेच पाठवला.

प्राचार्यांना सांगितले, यंदा माझी फाईल येणार नाही. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी द्या."

पौषात परीक्षकांची टिपणे आली. सात पाने नुसते प्रश्न. त्यांतला एक असा, की शेतातल्या पाण्याचा खारेपणा भरतीला मोजला होता की ओहोटीला? मी तो कधी वेळ पाहून मोजलाच नव्हता. लाज वाटायला हवी होती. पण छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. कुणा अनोळखी माणसाने माझे वाक्य न् वाक्य वाचले होते. पंधरवडाभर भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत मी चिखलात उतरत राहिले, चुकलेला एक निष्कर्ष खोडला, आणि फाल्गुनात स्वीकृतीचे पत्र आले.

आनंद झालाच. पण मन निवांत झाले होते ते त्याच्या कितीतरी आधी, ती सात पाने वाचताना. इतकी वर्षे मी छापले जाण्याची वाट पाहत होते असे समजत होते. कुणीतरी आपल्याला नीट विचारावे, हीच ती ओढ असेल काय?