भाईदास नानांचा पोळा

भाईदास नाना जळगावच्या एका वाचनालयात कारकून होते. बारकुडा जीव, नाकात तपकीर, घरात बायकोपुढे ब्र काढायची हिंमत नाही. असा माणूस खुनाच्या गोष्टी लिहितो हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. आणि हसणारी मी कोण? मुलींच्या शाळेतली मास्तरीण, लहानपणीच विधवा झालेली, तेच पाप चोरून करणारी. माझ्या वह्या लुगड्यांखाली ट्रंकेत असायच्या. वाचनालयात एकदा माझ्या तोंडून निसटलं, तेव्हा नानांनी त्या मागून नेल्या, वाचल्या आणि म्हणाले, "कुंदाबाई, तुमचा खुनी फार लवकर सापडतो. रविवारी या."

त्रेपन्न साली आमचं रविवारचं मंडळ असं जमलं. नाना, मी, धुळ्याकडचा वना कंपाउंडर आणि असोद्याचा सुकदेव. सुकदेवच्या घरची केळीची बाग. सायकलवरून यायचा, येताना केळ्यांची फणी आणायचा. इतका लाघवी माणूस की माझ्यासारख्या तुसड्या बाईलाही तो भावासारखा वाटे. आमच्या गोष्टींत रक्तपात नसायचा. गाव, घर, एक मरण, आणि चहा पिता पिता खुनी ओळखणारा कुणीतरी म्हातारा.

रीत नानांनी घालून दिली होती. एकाने गोष्ट वाचायची, बाकीच्यांनी तिच्यात भोकं काढायची. खुनी कुठे सापडेल ते दाखवायचं, आणि ते कसं बुजवायचं तेही सांगायचं. सगळी बुजली की शेवटी एकच बारीक भोक मुद्दाम ठेवायचं, त्यातून खुनी धरायचा. गोष्ट सुचली कुठून, हे मात्र विचारायचं नाही. कारण प्रत्येकाची आपल्याच घरातून यायची. कागदावर मी माझ्या नणंदेला तीनदा मारलं आहे.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात सुकदेवने एक गोष्ट वाचली. केळीचा मळा विधवा काकूच्या नावावर. पुतण्या एकटाच वारस. काकू सत्तरीची, पण खणखणीत, मरायचं नाव नाही. रोज सकाळी ती विहिरीवरच्या फळीवर उभी राहून पाण्यातल्या आसरांना, त्या जलदेवतांना, फूल वाहते. पुतण्या फळीची खुंटी ढिली करतो.

"बठ्ठं बेस शे," वना म्हणाला. "पन मोट हाकनारानं काय?"

मुद्दा बरोबर होता. मळ्यात रोज सकाळी मोट चालते, माणूस असतोच. तेव्हा मी, शहाणी, पुढे सरसावले. म्हटलं, "पोळ्याचा दिवस घ्या. बैलांना सुट्टी, मोट बंद, गाव सगळं नदीवर बैल धुवायला. विहिरीवर चिटपाखरू नसेल." नानांनी शाबासकी दिली. सुकदेवने हात जोडले. मी आठवडाभर हवेत होते.

पुढचे चार रविवार सुकदेव आला नाही. खुनी कसा धरायचा, ते विचारायला तो आलाच नाही.

आषाढात नाना कुणाच्या तरी दहाव्याला असोद्याला गेले आणि पांढरेफटक होऊन परतले. "विहीर तशीच आहे, कुंदाबाई. फळी आहे. काकूही आहे, भिकुबाई नाव. रोज फूल वाहते." मी त्यांच्यावर खेकसले, म्हटलं, नियम तुमचाच, विचारायचं नाही म्हणून. खरं सांगायचं तर ते खेकसणं माझ्या स्वतःवरचं होतं. पोळा मीच सुचवला होता ना.

आम्ही दोघं भिकुबाईकडे गेलो, आडवळणाने सांगून पाहिलं. ती हसली. "सुकदेव? माह्या पोटच्या पोरावानी हाये तो." फौजदाराकडे जाऊन सांगणार काय, की याने गोष्ट लिहिली आणि आम्ही ती दुरुस्त करून दिली?

पोळ्याच्या सकाळी नाना एकटेच गेले आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. गाव नदीवर गेल्यावर सुकदेव आला. नानांना पाहून थबकला.

"नाना, तुम्ही इथे?"

"गोष्टीत एक भोक राहिलं होतं. ते दाखवायला आलो."

"कोणतं?"

"ती आम्ही तिघांनी ऐकली आहे."

सुकदेव म्हणाला, चला, काकूने पुरणपोळ्या केल्या आहेत. दोघं पंगतीला शेजारी बसून जेवले. नाना म्हणाले, त्याने आग्रह करकरून वाढलं.

मंडळ मोडलं. नाना मात्र दर पोळ्याला असोद्याला जात राहिले. छप्पन, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. दम्याने छाती भरलेली असायची तरी जायचे. बायको विचारायची, तुमचे कोणते बैल आहेत तिथे? हा भित्रा माणूस वर्षातला एक दिवस वाघ व्हायचा, आणि त्याचं कौतुक करायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी मात्र एकदाही सोबत गेले नाही. मला भीती वाटायची. लाजही वाटते आता.

अठ्ठावन्नला वना विषमज्वराने गेला. यंदा, साठच्या ज्येष्ठात, नाना गेले.

तेराव्याला सुकदेव आला. नानांच्या फोटोपुढे तो खरंच रडला, खोटं नाही बोलणार. निघताना माझ्या हातात केळ्यांची फणी ठेवली आणि हळूच म्हणाला, "अक्का, ती गोष्ट माहीत असलेल्या आता तुम्ही एकट्याच. पोळ्याला या की. काकू आठवण काढते. सकाळी लवकर या, मळ्यातच भेटू."

परवा पोळा आहे. मी जाणार. न जाऊन कसं चालेल, म्हातारी तिथे फळीवर उभी राहणार. पण नानांना जी अक्कल होती ती थोडी मलाही आहे. आज मधल्या सुट्टीत मी शाळेतल्या सगळ्या मास्तरणींना बसवलं आणि हे सगळं, नावं-गावांसकट, कागदावरून वाचून दाखवलं. आता ती गोष्ट माहीत असलेली मी एकटी नाही.

शेवंताबाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, "कुंदाबाई, इतकी छान लिहिता आणि कधी बोलला नाहीत. पण शेवट राहिलाय हो. पोळा झाला की तोही वाचून दाखवा."