सिस्टरचा दुसरा झगा

डिलाईल रोडवरच्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात कॉन्व्हेंटमधली एक म्हातारी सिस्टर येते. एखादी सिस्टर वारली, की तिचा पांढरा झगा दुसरीच्या मापाचा करून नेते. मी शिवण जोरात उसवली, तर म्हणते, "हळू, मास्तर. तिला घाई आवडायची नाही." ती ज्या महिन्यात फिरकत नाही, तो महिना बरा गेला असं मी समजतो.

परवा तिने स्वतःचाच झगा टेबलावर ठेवला. अंगावरचाही सैल लोंबत होता.

"चार इंच आखूड करा. धाकटी सिस्टर बुटकी आहे."

"आणि तुम्ही काय घालणार?"

"माझे दोन आहेत. हा अंगावरचा घालूनच मला पुरतील."

मी कापड न कापता नुसतं आत दुमडायला घेतलं. तिने कात्री माझ्याकडे सरकवली.