बांगडे कच्चे, काठीचा कोळसा

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

दुपारी मागीलदारी चुलीवर बांगडे भाजायचे होते. मुंबईहून आलेले धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही बसा, मी भाजतो."

बसले.

बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, जाळावर नाही. पण निखाऱ्यांचा व्हिडिओ चांगला येत नाही म्हणे! जाळ जरा बसला की भावजी लाकूड सारणार. बांगडे वरून काळे, आतून कच्चे.

"भावजी, एवढी लाकडं आणलीत कुठून?"

"पडवीतली ती लांब काठी तोडली. काय पेटली!"

अहो, ती आंबे उतरवायच्या झेल्याची काठी! उद्या पहाटे आंबा काढायचाय.

व्हिडिओला मात्र लाईकवर लाईक. त्या लाईकवाल्यांनो, कुणाकडे जास्तीचा झेला आहे का? की उद्या भावजींनाच झाडावर चढवू?