भूमपर्यंत न पोचलेला गॅस

धाराशिवहून निघालेली भूमची एस.टी. वाटेत पंक्चर झाली. तासभर रस्त्याच्या कडेला उभा होतो. दोन्ही बाजूंना बोडके माळ आणि वाळलेली कुसळं. खरं सांगायचं तर मला पोचायची घाई नव्हतीच.

दहा वर्षांपूर्वी गॅसच्या नळांच्या पाहणीसाठी मी इकडे आलो होतो. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून गॅस भारतात यायचा आणि पुढं गावोगाव फिरायचा, असा बेत होता. भूमजवळच्या एका वस्तीवर सरूबाई खवा आटवत होत्या. साखर घालून गरम खवा त्यांनी हातावर ठेवला. मी खुशीत सांगून बसलो, "दोन-तीन वर्षांत नळ येतोय, मावशी. लाकडं फोडणं सुटेल."

आज पोचलो तेव्हा वस्ती तशीच होती. पत्र्याच्या खोपीत चुलाण (खव्याची मोठी चूल) धडाडत होतं. कढईपाशी आता त्यांची सून मीरा. दूध तळाला लागू नये म्हणून हात थांबवता येत नाही, तेव्हा ती धुरातच खोकत उलथणं फिरवत होती. सरूबाई बाहेर बाजेवर धापा टाकत होत्या.

"धुराडं का नाही बांधलंत?" मी विचारलं.

"तुमी नळ येतो म्हणलात न्हवं? मग धुराडं कशाला? दर साली मिस्त्रीला थांब म्हणायचो आमी." त्यांनी दम घेतला. "डाक्टर म्हणतो, धुरानं छाती गेली. माझं जाऊ द्या. ही पोटुशी हाय. नळ कवा येतो तेवढं सांगा."

गुळमुळीत काहीतरी बोलणार होतो. आत मीरा पुन्हा खोकली.

"नाही येणार, मावशी. त्या देशांचं आपसांत जमत नाही, आपलं त्यांच्याशी जमत नाही. सरहद्दीवर गोळी सुटली की बोलणी बंद. आजच मिस्त्रीला बोलवा."

त्यांनी खोपीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "बांधावरनं भांडान झालं की शेजारी पाटाचं पानी तोडतो. लई जुनं हाय हे. तुमास्नी तवा ठावं न्हवतं व्हय?"

 कढई उतरल्यावर मीरानं दिलेलं पाणी प्यालो आणि निघालो.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून राहिलो. अंगाला धुराचा वास येत होता. ठाऊक होतं मला. तेव्हाही बोलणी अडलेलीच होती, आणि कचेरीत चहा पिताना आम्ही त्यावर थट्टा करायचो. सरूबाईंना मात्र मी ते सांगितलं नाही. पाहुण्यानं चांगलं बोलून निघावं, एवढ्याचसाठी.